मागून ऐकायची गाडी

बुलेटच्या जुन्या बिल्ल्यावर तोफेचं चित्र असे आणि त्याच्या जोडीला ‘बंदुकीच्या तोडीची घडण’ अशा अर्थाचं इंग्रजी ब्रीद. यात नुसती फुशारकी नव्हती. १८९० च्या दशकात इंग्लंडातल्या रेडिच गावच्या एका सायकलवाल्या कंपनीला एनफील्डच्या सरकारी शस्त्रकारखान्यासाठी सुटे भाग करायचं काम मिळालं. कंपनीने त्या मानाचं नावच लावून घेतलं आणि १९०१ मध्ये पहिली मोटरसायकल काढली. थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या नावात जे एनफील्ड आहे, तेच हे. आपल्या हवालदाराच्या खांद्यावरची रायफल आणि फौजदाराच्या बुडाखालची गाडी यांचं कुळ असं एका ठिकाणी जाऊन मिळतं.

ही गाडी मद्रासला आली ती लष्करामुळे. सीमेवरच्या गस्तीसाठी साडेतीनशे सीसीच्या ८०० बुलेटची मागणी निघाली, ती पुरी करायला १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचकरांनी मिळून एनफील्ड इंडिया काढली, आणि शहराच्या उत्तर टोकाला तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. आधी नुसती जोडणी, मग हळूहळू सगळी गाडीच इथे होऊ लागली. पुढे इंग्लंडातली कंपनी १९७० मध्ये उठली, तिरुवोट्टियूर मात्र चालू राहिलं, आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट इंग्लंडला जाऊ लागली. चेन्नईत राहून बुलेटचा नाद लागणं म्हणजे पंढरपुरात राहून माळ घालण्याइतकंच साधं आहे. मी मूळचा मिरजेचा, नोकरीमुळे इथला झालो, आणि अशीच एक तिरुवोट्टियूरची जुनी गाडी बांधायला काढली. बिडाचं इंजिन, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्यात. पिस्टन, क्लचप्लेटा, वायरिंग, रंग सगळं मार्गी लागलं आणि काम अडलं ते सायलेन्सरवर.

सायलेन्सर आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन नळीत येतं. लांबच्या रपेटीत नळी तापते आणि ते निघून जातं. घर-ऑफिस-घर एवढंच फिरवलं तर नळी पुरती तापतच नाही, पाणी तळाशी बसतं आणि पत्रा खातं. त्यात इथली खारी हवा. माझ्या गाडीचा जुना सायलेन्सर वरून क्रोमने चकचकीत होता आणि खालून बोट आरपार जात होतं.

नवा घ्यायचा तर पुदुपेट. एग्मोर स्टेशनच्या मागच्या अंगाला, कूवम नदीजवळ ही जुन्या गाड्यांची पेठ आहे. अख्खी गाडी एका टोकाने आत शिरते आणि दुसऱ्या टोकाला भाग होऊन बाहेर पडते. नवा कोरा माल आणि नखऱ्याच्या वस्तू पाहिजेत तर माउंट रोडच्या बाजूचा जनरल पॅटर्स रोड. दोन्हीकडे सायलेन्सर छताला ओळीने टांगलेले असतात: शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, मेगाफोन, डॉल्फिन, गोल्डस्टार. आणि एक तो, ज्याला आपल्याकडे कुणी इंदोरी म्हणतं, कुणी फटाका, कुणी नुसतं पुंगळी. पोरं उभ्या उभ्या मोबाइलवर प्रत्येकाचा आवाज वाजवून बघतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून बुलेटचा खर्ज ऐकण्याचा हा प्रकार मला कधीच कळलेला नाही.

ज्यांच्याकडे गाडी बांधायला टाकली होती ते मेकॅनिक अण्णा मात्र टांगलेल्या मालाकडे बघायलाही तयार नव्हते. त्यांनी आधी विचारलं, ‘‘यारुक्कु, सार?’’ म्हणजे कोणासाठी. त्यांचा मतलब इतकाच की गाडी मी चालवणार, का कॉलेजातला मुलगा, का रंगवून विकायची. तिन्हीचे सायलेन्सर त्यांच्या हिशेबी वेगळे. मी म्हटलं, माझ्यासाठीच. अण्णांनी मान हलवली, पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

सौकारपेठेत माझा एक मित्र आहे, विट्याकडचा, गलाईवाला. खानापूर-आटपाडीची ही माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पसरलेली आहेत; चेन्नईतही त्यांची बरीच घरं आहेत. यांच्या गावाकडे बुलेट म्हणजे सरपंच, दूधवाले आणि जावई यांची गाडी. त्याला मी माझा घोळ सांगितला तर तो म्हणाला, ‘‘आरं मर्दा, बुलेट हाय न्हवं? मग गावाला कळाय नको व्हय कोन आलंय ते?’’

या प्रश्नाला उत्तर नाही असं नाही, पण ते द्यायला आधी बुलेटचा आवाज कुठून येतो ते सांगावं लागेल. साडेतीनशेच्या जुन्या इंजिनात एकच सिलिंडर. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, आणि सोबत जडच्या जड फ्लायव्हील. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. गाडी उभी ठेवून ९०० फेऱ्यांवर सोडली तर सेकंदाला साडेसात ठोके पडतात आणि कानाला ते सुटे सुटे कळतात. ३००० फेऱ्यांवर तेच २५ होतात, तिथे ठोका संपतो आणि घरघर सुरू होते. म्हणजे जिच्यासाठी माणसं जीव टाकतात ती दुगदुग इंजिनाच्या लांब धावेतून आणि जड फ्लायव्हीलच्या संथपणातून येते, आणि गाडी संथ चालली तरच ऐकू येते. नळी ती निर्माण करत नाही. नळी फक्त ठरवते की तिच्यातलं काय बाहेर सोडायचं आणि काय आत जिरवायचं.

जिरवण्याच्या रीती दोन. एक खोल्यांची: नळीत पडदे घालून लहान-मोठ्या खोल्या पाडायच्या. वायू एका खोलीतून दुसरीत जाताना पसरतो, थंडावतो, आवाजाची लाट भिंतीवर आपटून परतते आणि मागून येणाऱ्या लाटेला मारते. जाड, खालचा आवाज या रीतीने आवरतो. दुसरी ग्लासवूलची: भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर. ही वरचा, टोचणारा आवाज पिऊन टाकते आणि खर्ज सोडून देते. ऐकायला गोड ती दुसरीच. पण लोकर हळूहळू जळते, उडून जाते, आणि दुकानात गोड वाटलेली नळी दोन-चार महिन्यांत भसाडी होते. तोवर मालकाचा कान सरावलेला असतो.

मिरजेत लहानपणी तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर पाहिले आहेत. घोडीवर कानस अगदी हलक्या हाताने फिरते, मध्येच तार छेडून बघायची, पुन्हा थोडं घासायचं. तंबोरा मोठ्याने वाजावा हा त्यांचा हेतू नसतो; तारेत दडलेला स्वर खुलावा, एवढंच. सायलेन्सर करणाऱ्यांतही असे लोक असतील, पण छताला टांगलेल्या मालात त्यांची कारागिरी मला दिसली नाही.

फटाक्याची गोष्ट तर निराळीच. चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करायची, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊ द्यायचं, आणि पुन्हा चावी फिरवायची. नळीत स्फोट होतो. यात पडद्यांची वाट लागते, व्हॉल्व्हची लागते, आणि फुटपाथवरच्या म्हातारीच्या काळजाची लागते. मोकळी नळी लावून कार्बुरेटरचा जेट तसाच ठेवला तर एरवीसुद्धा मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन जादा तापतं आणि बेंड पाइप निळा पडतो. पोरं या निळ्या पाइपचे फोटो काढतात. अण्णा ते बघून चुकचुकतात.

आवाज आवरण्याची ही कला बंदुकीतही जवळपास याच वाटेने गेली आहे, आणि तिथला इतिहास एका घरातला आहे. हायरम मॅक्सिम या अमेरिकेतून लंडनला गेलेल्या गृहस्थाने १८८४ मध्ये आपोआप चालणारी मशिनगन केली. साम्राज्यांनी ती उचलली. सुदानात ओम्डुर्मनला १८९८ मध्ये तिने काय केलं ते इतिहासात आहे. बंदुकीच्या चाचण्यांच्या पायी उतारवयात मॅक्सिमसाहेबांना धड ऐकू येत नव्हतं. त्यांचा मुलगा हायरम पर्सी अमेरिकेतच वाढला, इंजिनिअर झाला, हार्टफर्डला मोटारगाड्यांच्या कारखान्यात रमला. १९०९ मध्ये त्याने बंदुकीच्या आवाजावरच्या उपायाचं पेटंट घेतलं: नळीच्या तोंडाला लावायचं एक नळकांडं, आत पडद्यामागे पडदे, ज्यांत वायू गरगरत राहतो आणि सावकाश बाहेर पडतो. न्हाणीघरातल्या टबाचं पाणी भोवरा करून जाताना बघून त्याला हे सुचलं, असं सांगतात. पेपरांतून जाहिराती आल्या. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलीलाही मॅक्सिमचा सायलेन्सर होता. पण पर्सीचा जीव बंदुकीत नव्हता. कंपनीने पुढे बंदुकांचं काम सोडलं आणि इंजिनं, पंखे, कारखान्यांची धुराडी यांचे सायलेन्सर करण्यात नाव काढलं. बापाने जगाचे कान बधिर केले आणि पोराने ते वाचवण्याचा कारखाना काढला. नाटककाराने असं कथानक रचलं असतं तर आपण त्याला ओढूनताणून म्हटलं असतं.

बंदुकीच्या सायलेन्सरबद्दलची आपली समजूत सिनेमातून आलेली आहे. खलनायक नळी फिरवून बसवतो, ‘फुस्स’ होतं, माणूस पडतो. खरं गणित तसं नाही. रायफलीचा बार १६० डेसिबलच्या आसपास किंवा त्याही वर जातो. उत्तम सायलेन्सर त्यातले २० ते ३५ कमी करतो. उरतो तोही भरपूर असतो, आणि ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी हवा फाडत जो कडाका काढते तो तर कुठल्याच नळीला थांबवता येत नाही. फिनलंड-नॉर्वेत शिकारी हे नळकांडं सर्रास वापरतात आणि त्यात कुणाला गुन्हेगारी वास येत नाही. अमेरिकेने १९३४ च्या कायद्याने त्यावर २०० डॉलरचा कर बसवला. तेव्हा एवढ्या पैशात बंदुकीसकट बरंच काही येत असे. आकडा मात्र पुढे नव्वद वर्षं तोच राहिला. आपल्याकडे प्रश्नच मिटलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, आणि बारचा आवाज दाबणारी साधनं साध्या शस्त्रपरवानाधारकाच्या वाट्याला येतच नाहीत.

तिकडचा माणूस आपल्या रायफलीसाठी पहिला सायलेन्सर निवडताना जे घोळत बसतो ते ऐकलं तर पुदुपेटची आठवण येते. लांबी किती, वजन किती, आटे जुळतात का, उलटा दाब येऊन वायू तोंडावर येईल का. पण एका बाबतीत दोघांच्या दिशा बरोबर उलट्या आहेत. बंदुकीच्या सगळ्यात जवळचा कान ती चालवणाऱ्याचा. म्हणून तिथे आवाजाची मोजणी नळीच्या तोंडाशी होते तशी नेमबाजाच्या कानाशीही होते, आणि विकत घेणारा हा दुसरा आकडा आधी बघतो. म्हातारे मॅक्सिम स्वतःच्याच बंदुकीने बहिरे झाले. बुलेटचं तसं नाही. तिची नळी मागे तोंड करून असते, चालवणारा तिच्या पुढे बसलेला, कानावर हेल्मेट, समोरून वारा. आपल्या सायलेन्सरचा आवाज सगळ्यात कमी ज्याला येतो तो मालक. माझ्या विट्याच्या मित्राला गावाला कळवायचं आहे ते त्याला स्वतःला कधीच ऐकू येणार नाही. जे ऐकतात त्यांनी नळीचे पैसे दिलेले नाहीत.

कायद्याला ही गोष्ट आपल्याआधी कळलेली दिसते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२० क्रमांकाचा नियम आहे: प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवा, आणि प्रसरणाची खोली करून किंवा दुसऱ्या रीतीने त्याने इंजिनाचा आवाज शक्य तितका कमी केला पाहिजे. १७५ सीसीवरच्या नव्या मोटरसायकलला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. हे मोजताना मायक्रोफोन गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटरवर असतो, म्हणजे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाच्या जागी. उभ्या गाडीच्या चाचणीत तो सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, तिरका, मागे ठेवतात. चालवणाऱ्याच्या कानाशी तो कधी नेत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीपासून आवाजाचे नियम मोडणाऱ्याला १० हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर अंथरून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला. ते व्हिडिओ लोक आनंदाने बघतात आणि त्या आनंदाचा मला दोष देता येत नाही.

मोठमोठ्या कंपन्यांनाही आवाजाचा हा मोह सुटलेला नाही. हार्ले-डेव्हिडसनने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला, प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या, आणि सहा वर्षांनी कंपनीने अर्ज मागे घेतला. आवाज कुणाच्या मालकीचा, हा वाद अमेरिकेत वकिलांनी घातला. आपल्याकडे तो गल्लीत, खिडक्या लावून घेऊन घातला जातो.

माझ्या इमारतीत वरच्या मजल्यावर रात्रपाळी करणारी एक नर्स राहते. तिची झोप दिवसा. तळमजल्यावर एक तंजावरी मराठी आजोबा. एकोजीराजांबरोबर साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मंडळींपैकी त्यांचं घराणं. त्यांचं मराठी ऐकायला मी मुद्दाम खाली जाऊन बसतो. अण्णांनी पुदुपेटच्या ओळखीच्या दुकानातून तीन सायलेन्सर उसने आणले. एक मोकळा मेगाफोन, एक ग्लासवूलची शॉर्ट बॉटल, आणि एक पडद्यांचा लांब, कंपनीच्या जुन्या नमुन्याचा. संध्याकाळी गाडी अण्णांच्या हाती दिली आणि मी आजोबांच्या ओट्यावर जाऊन बसलो. अण्णा नाक्यापर्यंत जाऊन वळत, घरावरून जात, आणि पुढच्या खेपेला नळी बदलून येत.

मेगाफोन चालवताना मला स्वतःला फार आवडला होता. ओट्यावरून तो भिंतींवर आपटत आला, रस्त्याकडेच्या गाडीचा अलार्म वाजवून गेला, आणि वळणापलीकडे गेल्यावरही संपेना. आजोबा म्हणाले, ‘‘गाडी गेली, पण जात नाही.’’ शॉर्ट बॉटलचा आवाज खरोखरच गोल होता. पण तिच्या लोकरीचं आयुष्य मला ठाऊक होतं, आणि नर्सताईंना दर महिन्याला थोडी जास्त बुलेट ऐकवण्याची माझी तयारी नव्हती. तिसरी नळी लावून अण्णा आले तेव्हा लांबून काहीच कळलं नाही. जवळ आले, सावकाश, तिसऱ्या गिअरमध्ये, आणि तेव्हा ठोके मोजता आले. घरावरून गेले आणि आवाज त्यांच्याबरोबर गेला. आजोबांनी मघाशी अर्धवट सोडलेलं बोलणं पुढे चालू केलं.

लांब नळीच घेतली. जड आहे, गाडी उजवीकडे फार झुकवली तर रस्त्याला लागेल अशी भीती वाटते, आणि कॉलेजच्या पोरांना ती म्हाताऱ्याची वाटते. अण्णांनी तळाला पाणी निघून जायचं बारीक भोक शाबूत असल्याची खात्री केली, जेट होता तोच ठेवला. विट्याचा मित्र येऊन ऐकून गेला. ‘‘झ्याक हाय,’’ म्हणाला, ‘‘पर गावात कळायचं न्हाई.’’

रविवारी पहाटे महाबलीपुरमच्या रस्त्याने गाड्यांचे थवे जातात. त्यातल्या कित्येकांच्या मागच्या खिशात नवा सायलेन्सर घ्यायचे पैसे असतील, आणि पुण्या-कोल्हापुरातही असे बरेच असतील. त्यांना एकच सांगणं आहे. नळी मोबाइलवर ऐकू नका, दुकानदाराच्या सांगण्यावर घेऊ नका, आणि गाडीवर बसून तर मुळीच ठरवू नका. चावी मित्राला द्या, त्याला आपल्याच घरावरून दोनदा जायला सांगा, आणि आपण शेजाऱ्याच्या दारात उभं राहून ऐका. पैसे त्यानंतर मोजा.